पाइप ऐकणारे नामदेवभाऊ

पाचव्या-सहाव्या दिवशी नळ आला की अकोल्याच्या जुन्या शहरातली आमची गल्ली हंडे, ड्रम, बादल्या घेऊन धावते. नामदेवभाऊ मात्र लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निघतात. कोणाच्याही दारात उकिडवं बसायचं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाइपावर टेकवायचं आणि मुठीला कान लावायचा. डोळे मिटलेले. घरमालक समोर उभा, वैद्यापुढे रोगी असावा तसा. मग निकाल लागतो, "टिल्लू चालू हाये. बंद करा."

टिल्लू म्हणजे पाइपातलं पाणी ओढून घेणारी छोटी मोटर. ती नळाला लावायची नसते आणि आमच्या गल्लीत बहुतेकांकडे असते. वरच्या घरांनी ओढलं की शेवटच्या घराला नुसती हवा येते. शेवटचं घर नामदेवभाऊंचं. जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, त्यामुळे कान तयार. "मानूस खोटं बोलते बावा, पाइप नाही बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकाने मोटर तुळशीवृंदावनामागे लपवली होती. भाऊंनी आधी चपला काढल्या, तुळशीला नमस्कार केला आणि मग मागचं पोतं ओढलं.

हातात घेतलेलं सोडणं त्यांना ठाऊकच नाही. एकदा आम्ही दोघं एसटीने अमरावतीला निघालो. खिडकीची काच अडकलेली. मी म्हटलं, राहू द्या. "राहू काहून द्याचं?" म्हणत ते भिडले. मूर्तिजापूरला काच दोन बोटं सरकली. बडनेरा मागे पडल्यावर पूर्ण उघडली आणि दहा-पंधरा मिनिटांत आम्ही उतरलो. घामाने निथळत भाऊ म्हणाले, "आता येनाऱ्याले हवा लागन." मी हा किस्सा बरीच वर्षं नक्कल करून सांगत आलो.

माझी ओळख सांगायची राहिली. मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. हक्क आणि कर्तव्यं मुलांकडून घोकून घेतली. आणि माझ्या न्हाणीघरात, कपड्यांच्या टबाआड, टिल्लू होता. हे लिहितानाही लाज वाटते, पण आता लिहायचंच ठरवलं आहे.

मार्चमधल्या एका रविवारी आमच्या मुलीला बघायला अमरावतीचे पाहुणे आले आणि नेमका नळ आला. बायकोने डोळ्यांनी खुणावलं. मी आत जाऊन बटण दाबलं आणि हसत बाहेर येऊन बसतो तोच दारात नामदेवभाऊ.

"सर, जरा पाइप आयकतो."

"कोण हे?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"शेजारी आहेत. जरा असेच आहेत," मी हळूच म्हणालो आणि डोक्याकडे बोट नेलं. तेही भाऊंना दिसलं असणार.

भाऊंनी कान लावला. बराच वेळ लावला. त्यांनी डोळे उघडून बैठकीकडे एकदा पाहिलं, उठून गुडघे झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सरच्या घरचा पाइप एकदम साफ हाये." आणि निघून गेले.

मला वाटलं, आवाज दबावा म्हणून मोटरखाली ठेवलेल्या रबराच्या तुकड्याने काम केलं! सोयरीक जमली, त्याहून जास्त आनंद मला भाऊंना चकवल्याचा झाला. मेहुण्याला फोन करून सांगितलं. जुन्या सहकाऱ्यांना सांगितलं. त्यानंतर भाऊ माझ्या दारी आलेच नाहीत. हरले बिचारे, असं म्हणून मी दोन महिने बिनघोर मोटर चालवली.

मे महिन्यात लग्नपत्रिका द्यायला त्यांच्या घरी गेलो. नळ आलेला होता, म्हणजे आमच्याकडे आलेला होता. भाऊ पाटावर बसले होते. समोर पाण्याचा रिकामा पितळी गुंड आणि नळातून नुसती फुसफुस.

"बसा सर. पानी येईन आता."

"किती वेळ बसता असे?"

"माही मंडळी बावीस वर्सं बसली या पाटावर. ती गेली, तवापासून मी बसतो. दुसरं कोन हाये?"

त्यांनी पत्रिका डोळ्यांना लावली, मुलीचं नाव बोट फिरवत वाचलं. मला राहवेना.

"भाऊ, माझ्याकडे टिल्लू आहे."

"मालूम हाये."

"मग त्या दिवशी..."

"पोरगी पोह्याचा ट्रे घेऊन येऊन राहिली होती. हात कापत होते तिचे. तवा मी तिच्या बापाले पाहुन्यायपुढं खोटं पाडू? कुठं सोडाचं, हेबी समजलं पायजे मानसाले."

"पण त्यानंतर? दोन महिने तुम्ही आलाच नाहीत."

भाऊंनी पत्रिका जपून कोनाड्यात ठेवली. "मले वाटलं, सर हायेत. आपल्यानंच बंद करतीन."

मी मान खाली घालून बायकोला फोन केला. मोटर बंद कर, एवढंच बोललो. थोड्या वेळाने नळ खाकरला आणि करंगळीएवढी धार लागली. भाऊंनी पहिला तांब्या भरला, गुंडात ओतला नाही, माझ्यापुढे धरला.

"घ्या सर. उन्हातून आले तुमी."