सात नंबरची खाट

सात नंबरची खाट सोडायची नाही, हे मैनाबाईनं पहिल्याच दिवशी ठरवलं.

खाट होती तिच्या सासूची. तानाबाईला आठ दिवसांच्या हिवतापानं गाळून टाकलं होतं. मुकुटबनकडून बैलगाडीनं दवाखान्यात आणेपर्यंत तिला मानही धरवत नव्हती. पण सारा जन्म जमिनीवर निजून काढलेली बाई. लोखंडी खाटेवर कूस बदलली की पडेन, या भीतीनं तिचा डोळाच लागेना. शेवटी तिनं वाकळ ओढली आणि खाटेखाली जाऊन झोपली.

"खाट रिकामी दिसली का नाव कापते इथं," शेजारच्या खाटेवरची हजराबी म्हणाली. "परवा एकीचं कापलं. बिचारी लुगडं धुवाले गेलती."

मैनाबाई लगेच खाटेवर आडवी झाली आणि लाल कांबळं तिनं गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"सासू खाली अन् सून वर," खाटेखालून आवाज आला. "गावात कोणाले सांगू नको."

"तुमी निजा, आत्याबाई. मले काय हौस हाये?"

नलू सिस्टर आली. तिनं खाटेवरचा आकडा पाहिला, कागदावरचा आकडा पाहिला, दोन्ही जुळले. क्विनाईनचा कडू डोस तिनं मैनाबाईच्या तोंडात ओतला आणि गिळेपर्यंत समोर उभी राहिली. खरं सांगावं तर खाट जायची. मैनाबाईनं गिळला. दुपारी गिळला, संध्याकाळी गिळला. दुसऱ्या दिवशी तिच्या कानात रातकिडे ओरडू लागले आणि खाटेखाली तानाबाईचे दात वाजू लागले.

तिसऱ्या दिवशी नवे डॉक्टर आले. त्यांनी कागद पाहिला. दोन दिवस तापाचं नाव नव्हतं.

"सात नंबर ठणठणीत आहे. उद्या घरी पाठवा."

मैनाबाई उठून बसली. "आमी नाही जात."

"अहो बाई, ताप गेला तुमचा."

"मले कवा होता? ताप माह्या सासूले हाये."

"मग सासू कुठं आहे?"

मैनाबाईनं खाटेखाली बोट दाखवलं. डॉक्टर गुडघ्यांवर बसले आणि वाकले. वाकळीतून दोन डोळे त्यांच्याकडे पाहत होते.

"आजी, इथं का झोपलात?"

"तुमी इचारलं म्हून सांगतो. आजवर कोनी इचारलं नाही. वर मले पडल्यासारखं वाटते."

डॉक्टरांनी तिथंच फरशीवर बसून तिची नाडी पाहिली. मग उठून सगळ्यांना सुनावलं, "यापुढं औषध आकड्याला नाही, माणसाला द्यायचं. आधी नाव विचारा, मग तोंड उघडायला सांगा. आणि आजींना खालीच राहू द्या."

मैनाबाई समाधानानं खाटेवरून उतरली आणि भोवळ येऊन पडली. दोन दिवसांचं क्विनाईन, तेही जवळपास उपाशीपोटी. सात नंबरच्या कागदावर तिचंही नाव चढलं.

औषध सुरू झालं तशी तानाबाई चार दिवसांत उठून बसली आणि पिठलं मागू लागली. मैनाबाई मात्र खाटेवर टक्क जागी.

"मले बी इथं डोळा नाही लागत, आत्याबाई."

"मंग ये खाली."

"अन् खाट?"

"डॉक्टर भला हाये," हजराबी म्हणाली, "पन रिकाम्या खाटेचा भरोसा नाही."

तानाबाईनं सुनेला हाताला धरून खाली उतरवलं. मग तिनं पदर खोचला, खाटेची दांडी धरली आणि एकेक पाय टाकत वर चढली. "पाहतोच आता, कोन नाव कापते माह्या सुनेचं."

दुपारी डॉक्टर फेरीवर आले. नलू सिस्टरनं आकड्याकडे पाहिलंच नाही. ती सरळ खाली वाकली.

"नाव काय, बाई?"

"मैनाबाई."

अशक्तपणाचं औषध बरोबर माणसाच्या पोटात गेलं. डॉक्टर खूश झाले. मग त्यांचं लक्ष खाटेकडे गेलं. तानाबाई दोन्ही हातांनी दांड्या घट्ट धरून घोरत होती.

"आणि आजी आज वर कशा?"

"सुनेची खाट राखते, साहेब," नलू सिस्टर हळूच म्हणाली. "पहिल्यांदाच झोप लागली तिले खाटेवर. उठवू नका."