काठावर थंड, मधात गरम

चंपतरावांना पाण्याची भीती वाटते, हे जगात एकट्या गोपिकाबाईंना ठाऊक होतं. एसटीच्या नागपूरच्या वर्कशॉपात उभा जन्म काढून ते कुहीजवळ आपल्या गावी परतले आणि धरणाच्या पाण्यावर फिरणाऱ्या बोटींची इंजिनं दुरुस्त करू लागले, पण काठावर. बोट खुंट्याला बांधलेली हवी आणि आपला एक पाय जमिनीवर हवा.

त्यांच्या लग्नाची वरात याच वैनगंगेच्या वाळूतून बैलगाडीनं आली होती. तेव्हा धरण नव्हतं. वैशाखात नदी म्हणजे घोटाभर पाणी आणि टरबुजांच्या वाड्या. आता त्या वाड्यांवरून बोटी चालत होत्या आणि खाली पाणी किती, हे विचारायची चंपतरावांची छाती नव्हती.

शनिवारी सकाळी बोटवाला जितेंद्र दारात उभा राहिला.

"काका, इंजिन लय तापून राहिलं. तेलही गळून राहिलं."

"आन काठावर. पाहतो."

"काठावर तापतच नाही न! काठावर थंडगार. मधात संगमावर गेलं का गरमीचा काटा लाल खुणेवर. परत आणलं का पुन्हा थंड. तुमाले मधातच यावं लागते."

चंपतरावांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"माहा गुडघा दुखून राहिला आज."

"उद्या नागपूरच्या रामदासपेठेतले लोक येऊन राहिले, लेकराबाळांसकट. बंद पडली मधात तर? तुमाले समजत नसन तर सांगून द्या, मी दुसरा मिस्त्री पाहतो."

समजत नसेल तर! गोपिकाबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. "येतात न ते," त्या घाईनं म्हणाल्या. "मीबी येते संगं."

चंपतराव बोटीत चढले ते दोन लाईफ जॅकेटं घालून. दुसरं गोपिकाबाईंच्या वाट्याचं होतं. जितेंद्रनं तिसरं शोधून काकूंना दिलं. बोट निघाली तसं चंपतरावांनी बाकडं घट्ट धरलं आणि डोळे मिटले.

"इंजिनाचा आवाज ऐकून राहिले वाटते," जितेंद्र कौतुकानं म्हणाला.

"हो," गोपिकाबाई म्हणाल्या. "त्यायले ऐकू दे. बोलू नको."

संगमावर जितेंद्रनं वेग कमी केला. "काकू, गंगामायची ओटी भराची असन तर भरा. इथं साऱ्याच बाया भरतात."

गोपिकाबाई तयारीनंच आल्या होत्या. त्यांनी हात जोडले आणि नारळ, तांदूळ, फुलं, हिरवा खण हळूच पाण्यात सोडला. बोट जरा पुढे सरकली नाही, तोच जितेंद्र ओरडला, "काका, काटा चढला!"

चंपतरावांना डोळे उघडावे लागले. काटा खरंच लाल खुणेपाशी थरथरत होता. इंजिनाखालून काळं तेल त्यांच्या चपलेकडे येत होतं. जळका वास सुटला होता.

"बंद कर! बंद कर पहिले!"

इंजिन थांबलं आणि पाणी ऐकू येऊ लागलं. चहूकडून. फळीखालून. बोट आपल्याच मनानं गोल फिरू लागली. काठावरची झाडं आधी डावीकडे होती, मग मागे गेली. चंपतरावांनी बाकडं पुन्हा घट्ट धरलं. पण कानात एकच वाक्य घुमत होतं: दुसरा मिस्त्री पाहतो. ते गुडघ्यांवर रांगत इंजिनापाशी गेले आणि तेल मोजायची काडी ओढून पाहिली. तेल वरच्या खुणेच्याही वर होतं.

"किती तेल टाकलं बे?"

"गळते म्हणून टाकतो. तापते म्हणूनही टाकतो. तेलानं थंड राहीन म्हटलं."

"अरे, नरड्यापर्यंत पाजलं तर ओकणार नाही का ते! पण तापते काहून?"

"अहो," गोपिकाबाई पाण्याकडे बोट दाखवत पुटपुटल्या. "माही ओटी परत आली वं माय. काही चुकलं काय माहं?"

बोटीच्या खालून हिरवा खण चुरगळून वर येत होता. चंपतराव भीती विसरून त्याच्याकडे पाहत राहिले.

"पाणी वढाची जाळी कुठं हाये इंजिनाची?"

"तिथंच, खाली."

"आन साऱ्या बाया इथंच ओटी सोडतात? इंजिन चालू असतानी?"

"इथंच."

"मंग बरोबर! इंजिन थंड होयाले नदीचं पाणी वढते. पाण्यासंगं खण वढला, जाळी बंद. काठावर इंजिन थांबलं का खण सुटून जाते, म्हणून आपल्याले सापडत नाही. चालू कर आता."

इंजिन धडधडलं. काटा हळूहळू खाली आला. परतताना चंपतरावांनी एक डोळा उघडा ठेवला होता.

पाय जमिनीला लागताच मात्र त्यांना कंठ फुटला. जास्तीचं तेल काढून झालं, जितेंद्र पाया पडला, आणि आजूबाजूचे बोटवाले गोळा झालेले पाहून चंपतरावांनी सर्वांना ऐकू जाईल असं बजावलं, "बायायले ओटी भरू द्या. पण तवा इंजिन साफ बंद ठेवा. खण वाहून दूर गेल्याशिवाय चालू करायचं नाही. कितीबी वेळ लागू दे, बोट फिरू दे, भ्याचं कायले?"

"कायले भ्याचं!" बोटवाले म्हणाले.

घरी निघताना गोपिकाबाई सावकाश म्हणाल्या, "अहो, तुम्ही डोळे मिटून होते न, तवा मी नवस बोलली गंगामायले."

"काय बोलली?"

"यायले सुखरूप काठावर आण म्हटलं. दोघं जोडीनं येऊन तिथंच ओटी भरू. पाच पुनवा."

चंपतराव जागच्या जागी थांबले. "काठावरून सोडली तर?"

"मधात म्हटलं न मी."

मागून येणाऱ्या जितेंद्रनं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा फुलला. "या न काका! तुमी सांगतलं तसंच करीन. इंजिन साफ बंद ठेवीन, कितीबी वेळ लागू दे."