गढीचा मुआयना

चांगलं घर बिघडवून दाखवायचं असेल, तर माझ्याइतका हुशार माणूस अख्ख्या जिंतूर तालुक्यात नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

बोरीला माझ्या दाजींची, दिनकरराव देशमुखांची, गढी होती. सागवानी खांबांवर पोपट, दारावर वेली, आणि दिवाणखान्याचं छत असं कोरीव की पाहुणा जेवायचं सोडून वरच बघत बसायचा. त्या दिवाणखान्यावर भाळूनच व्यंकटरावांनी माझ्या भाचीला, चतुराला, सून करून घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, लग्न दिवाणखान्यातच लागलं पाहिजे.

आठ दिवस राहिले आणि हैदराबादहून उर्दू कागद आला. पोलीस पाटलानं वाचला. कुणी साहेब गढीचा मुआयना, म्हणजे पाहणी, करायला येणार होते.

"संपलं," दाजी म्हणाले. निजामाचा साहेब दौऱ्यावर आला की गावातलं सगळ्यात चांगलं घर त्याच्या मुक्कामाला. तूप आपलं, कोंबड्या आपल्या, निघायची तारीख तेवढी त्याची.

"पण दाजी, घर चांगलं दिसलंच न्हाई तर?" मी म्हणालो.

"बन्सी, तुझं डोकं चाललं की माझ्या पोटात गोळा येतो," आक्का म्हणाली. सख्खी बहीण, पण भावाची कदर कधी केली नाही.

मी कामाला लागलो. कोरीव दार काढून कडब्यात पुरलं. खांबांना काजळी फासली. भिंतीचे पोपडे पाडले तर आतून जुना रंगवलेला हत्ती निघाला, त्याच्यावर गोवऱ्या थापल्या. आणि दिवाणखान्याच्या मधोमध म्हैस बांधली.

साहेब आला. म्हातारा, चष्मेवाला, काखेत कागदांची गुंडाळी. म्हैस बघून खूश झाला. मला तेव्हाच बरं वाटलं नाही.

"कितनी पुरानी इमारत है?"

दाजींच्या आजोबांनी बांधलेली. पण घाबरवायचं म्हणून मी ठोकून दिलं, "तीनशे वर्षं झाली, साहेब. कवा पडंल नेम न्हाई."

साहेबानं लिहून घेतलं.

"साप बी लय हायेत."

तेही लिहून घेतलं. मग चाकूनं एक गोवरी अलगद उचलली. खाली हत्तीचा डोळा! साहेब तिथंच, शेणात, मांडी घालून बसला.

तेव्हा उलगडा झाला. हा जुन्या इमारती धुंडाळणाऱ्या खात्याचा साहेब. धडधाकट घर असतं तर चहा पिऊन तासाभरात गेला असता. आता त्यानं महिनाभर मुक्काम जाहीर केला. सगळ्याची चित्रं काढणार, आणि तोवर कशालाही हात लावायचा नाही.

"आन् म्हैस?" दाजींनी विचारलं.

"भैंस की आधी तस्वीर बन गई है. रहने दो."

आक्का रडली. माझ्याशी बोलायचं तिनं सोडलं.

वऱ्हाड आलं तेव्हा मांडव गोठ्यात होता. व्यंकटरावांनी गव्हाणीकडं बघितलं, मग गढीकडं. "दिवाणखान्यात कोण हाय?"

दाजी माझ्याकडं बघायला लागले, मी माझ्या चपलांकडं. आक्का म्हणाली, "म्हैस."

व्यंकटराव लाल होऊन आत गेले. आता लग्न मोडतंय म्हणून चतुरानं डोळ्याला पदर लावला. पाच मिनिटांत ते घाम पुसत परत आले.

"त्यो साहेब इचारायलाय, तुमची हवेली किती जुनी. बघायला येतो म्हणं. मी सांगितलं, कसली हवेली, झोपडी हाय." ते गव्हाणीवर टेकले. "लावा लग्न. हितंच लावा, आन् लवकर लावा."

लग्न माझ्यामुळंच पार पडलं, असं मी नंतर आक्काला म्हणालो. ती इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "जा, दिवाणखान्यात जाऊन धार काढ."