गाडी थरथरते की धाकटी?

"गाडी थरथरते, मी नाही! आणि हे मी आज संध्याकाळच्या आत सिद्ध करून दाखवणार. मोजमापासकट!" रविवारी सकाळी चहा पिता पिता धाकटीने घरात जाहीर केलं.

"बोलताना तरी थरथरू नकोस," दादा म्हणाला.

भांडण आठवडाभराचं होतं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत धाकटीला पहिली नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं. प्रयोगशाळा टेकडीखाली अठ्ठावीस किलोमीटरवर, आणि तिकडची पहिली बस पावणेनऊची! म्हणजे गाडी हवीच. बाबांनी ती द्यायचं कबूलही केलं होतं. पण तिच्या शेजारी बसून ते एकदा हमरस्त्यावर गेले, तिने ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला, आणि गाडीला हिवताप भरावा तसं स्टिअरिंग हुडहुडायला लागलं. घरी येताच बाबांनी किल्ली आपल्या खिशात घातली.

"पोरीचा पाय लटपटतो," त्यांनी निदान केलं. "अजून सहा महिने गाडी नको."

पाय! रसायनशास्त्रात पहिली आलेली, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारी मुलगी, आणि म्हणे तिचा पाय लटपटतो!

धाकटीने वही आखली. रकाने चार: चालक, वेग, ब्रेक, थरथर. हमरस्त्यावरची आपली स्वतःची फेरी तिने आधीच भरून टाकली.

"हे बघा, नुसती चालवताना गाडी हलत नाही, म्हणजे चाकांचा तोल ठीक आहे. ब्रेक लावल्यावरच हलते. आणि हादरा स्टिअरिंगमध्ये येतो, बुडाखाली नाही. म्हणजे दोष पुढच्या ब्रेकमध्ये आहे."

"पुढच्या सीटमध्ये आहे," दादाने दुरुस्ती केली.

पहिला चालक दादा. धाकटी शेजारी वही उघडून बसली. अकरा किलोमीटरमध्ये दादाने त्रेचाळीस वेळा हॉर्न वाजवला आणि ब्रेक एकदाही लावला नाही! समोर ट्रक आला, हॉर्न. सायकलवाला आला, हॉर्न. वळण आलं, त्यालासुद्धा हॉर्न!

"अरे, ब्रेक लाव ना!"

"कशाला? सरकतोय की तो!"

घरासमोरसुद्धा त्याने गिअर पाडत पाडत गाडी आणली आणि फुटपाथला टेकवून थांबवली.

दुसरे चालक बाबा. बाबांचा वेग पंचवीस, उतारावरही पंचवीसच. त्या वेगाला ब्रेक लागतोच कुठे? पाय उचलला की गाडी कंटाळून आपली आपण थांबते.

"बाबा, ऐंशीवर न्या!"

"ऐंशी वय झालं की बघू."

घरी आल्यावर आईने वही मागितली. आई शाळेत गणित शिकवते. एकदा आकडे समोर आले की ती कुणाची भीडभाड ठेवत नाही.

"दादाच्या हातात थरथर नाही. ह्यांच्या हातात नाही. तुझ्या हातात आहे." तिने चष्मा काढला. "बाळा, हे तर तूच लिहिलंयस!"

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःचाच प्रयोग फितूर!

ती तडक गल्लीच्या टोकाला मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये गेली. मिस्त्रींनी घरी येऊन गल्लीतच गाडीची एक फेरी मारली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, हात नवा असला की असं वाटतं."

"वाटत नाही, होतं! हमरस्त्यावर चला, ऐंशीवर न्या आणि ब्रेक लावा. लावा म्हणजे पायाने लावा!"

मिस्त्री चालवायला, धाकटी शेजारी, मागे साक्षीदार म्हणून बाबा आणि दादा. मोकळा रस्ता बघून मिस्त्रींनी ऐंशीवर ब्रेक दाबला, आणि स्टिअरिंगबरोबर त्यांचे गालसुद्धा गदागदा हलले.

"अहो, हलतंय की!"

धाकटीने विजयी मुद्रेने मागे पाहिलं.

"ती शेजारी बसलीय ना," बाबा शांतपणे म्हणाले. "तिची धडधड गाडीत उतरते."

"हे कुठलं शास्त्र?"

"अनुभव!"

"मग मी उतरते! माझ्याशिवाय करून बघा!"

आणि ती खरंच उतरली. गाडी गेली. वही गाडीत, फोनही गाडीत. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. डोक्यावर ऊन, अंगावर ट्रकची धूळ. शेवटी ती चालायला लागली. तीन किलोमीटर! दुसऱ्या किलोमीटरला चपलेचा अंगठा तुटला.

गॅरेजमध्ये पोचली तर गाडी तिथेच! डाव्या पुढच्या चाकाच्या नटाला पान्हा लावलेला, पान्ह्याला लांब पाइप अडकवलेला, आणि त्या पाइपला मिस्त्री आणि दादा दोघं लोंबकळत होते.

"अगं, होतीस कुठे तू?" बाबांनी विचारलं.

"जिथे सोडलंत तिथे!"

"तू नसतानाही हलली बरं का गाडी!" हा शोध जणू त्यांनीच लावला होता. "मग काय, तशीच सरळ इकडे आणली."

करकरत नट सुटले. चाक निघालं. मिस्त्रींनी आतल्या ब्रेकच्या डिस्कची जाडी जागोजागी मोजली. कुठे जाड, कुठे पातळ!

"ब्रेक दाबला की हे उंचसखल पॅडवर आपटतं. तेच स्टिअरिंगला जाणवतं," ते म्हणाले. "नट कुणी आवळले हे? एक जीव जाईस्तोवर, दुसरा जेमतेम! डिस्क वाकडी बसली आणि वाकडीच झिजली."

"मी आवळले!" दादाची छाती फुगली. "मागे पंक्चर झालं होतं तेव्हा. पान्ह्यावर उभा राहून उड्या मारल्या!"

दादाचं वजन ब्याण्णव किलो.

धाकटी माफीची वाट बघत उभी राहिली.

"पण चाक निखळलं का? नाही ना?" दादा म्हणाला.

मिस्त्रींनी दोन्ही पुढच्या चाकांना नव्या डिस्क बसवल्या आणि समोरासमोरचे नट एकसारखे, मोजून आवळले. संध्याकाळी बाबांनी किल्ली धाकटीच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसले. हमरस्ता, ऐंशीचा वेग, ब्रेक. तापल्या दुधावर साय धरावी तशी गाडी अलगद थांबली.

मग बाबांनी कौतुकाने तिची पाठ थोपटली.

"बघ! बसला की नाही पाय? नुसत्या सरावाचा प्रश्न होता!"

"आणि आज चालणंही झालं ना," मागून दादा म्हणाला. "पाय मोकळा होतो त्याने."

धाकटीने तोंड उघडलं. डिस्कची जाडी, वहीतले रकाने, ब्याण्णव किलो, तुटकी चप्पल, सगळं एकदम जिभेवर आलं. मग तिचं लक्ष किल्लीकडे गेलं. उद्या आठला हजर व्हायचं होतं.

"हो, बाबा," ती म्हणाली.