ताजं, मधलं आणि शिळं

घरात थर्मामीटर लावायची अजिनाथला खरं तर काही गरज नव्हती. पण बायकोची, सविताची, बदली राहात्याच्या शाळेवर झाली, मुलगी तिच्याबरोबर गेली आणि मिरजगावच्या चार खोल्यांत तो एकटाच उरला. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो घरूनच करायचा. गावोगावच्या दूध शीतकेंद्रांतून दर मिनिटाला येणारं तापमान साठवायचं आणि कोणी विचारलं की शोधून द्यायचं. दिवसभर सोबतीला नुसते आकडे. एका रविवारी त्यानं ठरवलं, आपल्या घराचंही तापमान साठवू. (कोणाला हवंय, असं विचारायला घरात होतं कोण?)

घरात कॉम्प्युटर तीन, तिन्ही तीन तऱ्हेचे. नवा चपळ, पण कंपनीच्या कामानं भरलेला, जागा कमी. लॅपटॉप मध्यम. आणि मुलीनं टाकून दिलेला एक डबडा, जो चालू होईपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा. जागा मात्र भरपूर. अजिनाथनं तिघांना एकमेकांशी जोडलं, वर 'ताजं', 'मधलं', 'शिळं' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि खुशीत सविताला फोन लावला.

"सगळं नीट लावून टाकलं बघ. ताजं नव्यात ठेवायचं. दोन दिवस झाले की मधल्यात सरकवायचं. महिन्यानं जुन्यात."

"महिन्यानं?"

"हो. शिळं काही रोज लागत नाही."

"आणि टाकून कधी देता?"

"वर्षानं."

तेवढ्यात रेंज गेली. बायको थक्क झाली असणार, असं अजिनाथला वाटलं. ती झालीच होती. पंधरा मिनिटांत शेजारच्या भागूबाई थेट स्वयंपाकघरात घुसल्या आणि त्यांनी फ्रीज उघडला. आत पाण्याची बाटली आणि अर्धं लिंबू.

"समदं खाऊन बसलास व्हय रे?"

"काय झालं, मावशी?"

"सविताचा फोन आल्ता. म्हैना म्हैना शिळं खातोस म्हनं. पोरीच्या तोंडातून शबूद फुटंना."

खुलासा करायला अजिनाथनं तोंड उघडलं. पण भागूबाईंनी पुढ्यात गरम पिठलं आणि बाजरीची भाकरी ठेवली, आणि उघडलेलं तोंड खुलाशाऐवजी घासासाठी वापरलं गेलं.

दुसऱ्या दिवशी रिटायर्ड कंपाउंडर काकासाहेब आले. त्यांनी अजिनाथचं पोट दाबून पाहिलं आणि मग दीड तास स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलले. तिसऱ्या दिवशी भागूबाईंबरोबर भजनी मंडळातल्या तिघी आल्या. रोजचा एक मिनिटाचा सविताचा फोन आता दिवसातून तीनदा येऊ लागला. "काय खाल्लं?" अजिनाथ भाजीतल्या मिरच्यांसकट सगळं सांगायचा. आपण लबाडी करतोय, हे त्याला कळत होतं. पण सविता गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत 'जेवलास का' असं त्याला कोणी विचारलं नव्हतं.

या पाहुणचारात आकडे पुढं सरकवण्याचा नियम चालू करायचा राहूनच गेला. पाचव्या दिवशी नवा कॉम्प्युटर तुडुंब भरला आणि कोकलू लागला. नेमकी तेव्हाच सविता दारात उभी. नगरला एसटी बदलून आलेली, हातात औषधांची पिशवी. आवाजाच्या दिशेनं ती खोलीत गेली आणि तिला चिठ्ठ्या दिसल्या.

"हे काय?"

"हेच ते," अजिनाथ म्हणाला. "ताजे आकडे, मधले आकडे..."

"म्हणजे तुम्ही ठणठणीत आहात. आणि चार दिवस सांगितलं नाहीत."

"तू तीनदा फोन करत होतीस गं."

सविता खुर्चीवर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "पोरीच्या परीक्षेसाठी दोन रजा राखल्या होत्या मी. तिला शेजारच्या बाईंकडे ठेवून आलेय." मग चिठ्ठ्यांकडे बघत म्हणाली, "लग्नाला चौदा वर्षं झाली. मी कोणत्या मशीनवर आहे?"

"तुला सरकवतच नाही," तो घाईनं म्हणाला. तिला हसू आवरलं नाही, पण डोळे पुसावे लागले.

मग अजिनाथ भागूबाईंकडे कबुली द्यायला गेला.

"मंजी तुला काईच झालं न्हाई?" त्यांनी जरा नाराजीनंच विचारलं. संध्याकाळपासून भाकरी बंद झाली.

दोन दिवस राहून सविता सकाळच्या गाडीनं गेली. संध्याकाळी अजिनाथ आलेखासमोर बसला. आज सकाळी रेघ दोन अंशांनी वर चढली होती आणि ती गेल्याला नऊ तास झाले तरी खाली आली नव्हती. त्यानं फोन लावला.

"सविता, तू गेलीस, पण तुझी ऊब अजून घरात आहे. दोन अंश. आकडे खोटं बोलत नाहीत."

या वेळी रेंज पूर्ण होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "थर्मामीटर कुठं लावलाय?"

"बाथरूमच्या दाराशी."

"गीझर! सकाळी बंद करायचा राहिला माझ्याकडून. पळा आधी!"