पोलीस, रहिवासी आणि बेपत्ता कॅमेरा

“गुन्हा घडण्याआधी त्याचा वास येणारं नाक आणि भिंतीपलीकडचं बघणारी नजर,” अशी आमचे दाजी स्वतःची ओळख करून देतात. नजरेचं म्हणाल, तर त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. मी त्यांचा मेहुणा, आईसोबत त्यांच्याच घरी राहतो, म्हणून मदतनीस. पगाराचं विचारू नका.

परवा संध्याकाळी आमच्या इमारतीत पोलीस आणि रहिवाशांची बैठक झाली. गुन्हे रोखायचे ते दोघांनी मिळून, असं ठरलं. पोलिसांनी कॅमेरा दिला, रहिवाशांनी वायर आणि भरपूर सूचना. फाटकाच्या वर, आमच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागून कॅमेरा बसला. सकाळी बघतो तर गायब!

“कॅमेरा आल्यावर वॉचमनला कोण ठेवणार? यानेच काढला,” सेक्रेटरीकाका कडाडले. “संध्याकाळपर्यंत मिळाला नाही, तर चालता हो.”

वॉचमनची दोन मुलं शिकताहेत. त्याचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

बैठकीला आलेले हवालदार तपासाला आले, पण त्यांच्याआधी दाजींनी भिंग काढलं. “स्क्रू डावीकडे फिरवून काढलेत. चोर डावखुरा!”

“साहेब, सगळेच स्क्रू डावीकडे फिरवून निघतात,” हवालदार म्हणाले.

“म्हणजे टोळी मोठी आहे.”

खाली शिडीच्या खुणा नव्हत्या. त्यावरून चोर नऊ फूट उंच ठरला. आमच्या गल्लीत तेवढा उंच फक्त विजेचा खांब. शेवटी दाजी वॉचमनकडे वळले. “तू डावखुरा?”

“नाही, साहेब.”

“बघा, लपवतोय!”

वॉचमन गुपचूप आपले कपडे पिशवीत भरू लागला. तेवढ्यात ताई खिडकीतून ओरडली, “अहो, कॅमेऱ्यात काय दिसलं ते बघितलंत का?”

“ते बघून कोणीही चोर पकडेल. त्यात बुद्धी कुठे लागते?”

हवालदारांनी मात्र मोबाईल काढला. आम्ही सगळे वाकलो. पडद्यावर आधी भाजीची सुरी आली, मग एक हात, मग चष्म्यासकट आमच्या आईचा भलामोठा चेहरा आणि त्यानंतर अंधार.

आई खाली आली आणि हवालदारांना म्हणाली, “मग? तुम्हीच बैठकीत म्हणालात ना, पोलीस एकटे पुरे पडत नाहीत, महागाच्या वस्तू बाहेर ठेवू नका? म्हटलं, एवढा महागाचा कॅमेरा रात्रभर उघड्यावर कशाला? कपाटात ठेवला. फाटकाचं कुलूपही आणणार होते, पण गुडघे दुखतात.”

“अहो आजी, सकाळीच नाही का सांगायचं?”

“जावईबापूंची सक्त ताकीद होती. तपास चालू असताना घरच्यांनी मध्ये बोलायचं नाही.”

सेक्रेटरीकाकांनी वॉचमनच्या हातातली पिशवी स्वतः खाली ठेवली. “माझं चुकलं. तू कुठेही जायचं नाहीस. कॅमेऱ्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच.” वॉचमन हसला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

“मला सुरुवातीपासून ठाऊक होतं,” दाजी घसा खाकरून म्हणाले. “मी फक्त खऱ्या चोराला बेसावध ठेवत होतो.”

खऱ्या चोराने कमरेवर हात ठेवले. वर ताईने खिडकी धाडकन लावली.

“हवालदारसाहेब,” दाजी हळूच म्हणाले, “नागरिकांना पोलीस संरक्षण मिळतं ना?”

“चोरांपासून मिळतं,” हवालदार टोपी घालत म्हणाले. “सासूबाईंचा विभाग रहिवाशांकडे आहे.”