रांगेतल्या म्हातारीचा अधिकृत अर्थ

चित्राचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा म्हटलं, तर राज्यकारभार चालणार नाही. आरोग्यसेवा सुधारणा जाहीर झाली, वर्तमानपत्रांत तिच्यावरच्या व्यंगचित्रांना ऊत आला, आणि खात्याने तातडीने ‘व्यंगचित्र अर्थनिर्णय कक्ष’ उघडला. जागा सरकारी रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात मिळाली. (यंत्र बंदच होतं. फिल्म बघायच्या उजेडात चित्रं मात्र झकास दिसत.)

तिथले वरिष्ठ लिपिक डोळ्याला सतत भिंग लावून बसत, म्हणून सगळे त्यांना भिंगवालेच म्हणत. प्रतीकांचा तक्ता त्यांनीच केला. गोगलगायीची रुग्णवाहिका म्हणजे इंधनबचत. मंत्र्यांचं सुटलेलं पोट म्हणजे पोषणातली प्रगती. रुग्णालयाबाहेरची लांबलचक रांग म्हणजे जनतेचा अढळ विश्वास. पहिल्या तिमाहीत दोनशे चौदा चित्रं तपासली. दोनशे तेरा सुधारणेची स्तुती करणारी निघाली. उरलेलं एक गादीची जाहिरात होती, पण तिच्यातला माणूस निदान खाटेवर होता.

मग एके सकाळी भिंगाखाली एक म्हातारी आली. रांगेत उभी, काठीला कोळिष्टकं. तेच नाक, दोऱ्याने बांधलेला तोच चष्मा. भिंगवाल्यांनी भिंग पुसून पुन्हा लावलं. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांची आई चौदा महिने याच रांगेत होती.

संध्याकाळी त्यांनी चित्र घरी दाखवलं.

“अरे, ही तर मीच! नाक बघ कसं काढलंय मेल्यानं!” आई खुबा दाबून धरून पोटभर हसली.

दुसऱ्या दिवशी भिंगवाल्यांनी नोकरीत प्रथमच तक्ता न बघता अहवाल लिहिला : ‘म्हातारी म्हणजे म्हातारी. तिला उठवत नाही, बसवत नाही. शस्त्रक्रिया लवकर व्हावी.’

कक्षप्रमुख गोंधळले. “अहो भिंगवाले, यात प्रतीक कुठंय?”

“प्रतीक नाही साहेब. आई आहे माझी.”

“असं होय! मग चित्र बघून काय म्हणाल्या आई?”

खोटं बोलायची सवय फक्त चित्रांपुरती होती. “हसली,” ते म्हणाले.

साहेबांचा चेहरा उजळला. “हसल्या? मग दुखतंय कुठं?”

“दुखतंय हो साहेब, फार दुखतंय.”

पण साहेबांची लेखणी चालू झाली होती. हसू येणं हे प्रकृती ठणठणीत असल्याचं लक्षण ठरलं आणि आईचं नाव शस्त्रक्रियेच्या यादीतून गेलं. आदेशाची प्रत भिंगवाल्यांनाच काढावी लागली. अक्षर पुसट आलं, कारण डोळे भरून आले होते. (शेरा : आनंदाश्रू.)

ही पद्धत इतकी सोपी आणि बिनखर्चाची ठरली, की खात्याने ती सर्वांना लागू केली आहे. तेव्हा वाचकहो, वरच्या गादीच्या जाहिरातीपाशी तुम्हाला हसू आलं असेल, तर अभिनंदन. तुमच्या मागचा रुग्ण एक पाऊल पुढे सरकला आहे.